सोसण्याचे स्तोम

मराठी माणसाला ज्या गुणांचा विनाकारण अभिमान आहे, त्यांत सोशिकपणाचा क्रमांक फार वरचा लागेल. मुलगी सोशिक असली की तिचे लग्न लवकर जमते, सून सोशिक असली की घराचे नाव निघते, आणि म्हातारी सोशिक असली की तिच्या तेराव्याला चार माणसे तिचे गुण गातात. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी तर ह्या गुणाची आरतीच चालवली आहे. नायिकेने हूं की चूं न करता जितके अधिक सोसावे तितकी पुस्तकाची आवृत्ती लवकर संपते. कथेत हे चालून जाईल. परंतु हाच गुण रुग्णालयाच्या खाटेपाशी येऊन उभा राहतो, आणि सर्जनपासून आयाबाईपर्यंत सगळे रोग्याला "थोडे सोसायला हवे" असे सांगू लागतात, तेव्हा हा गुण म्हणायचा की बेपर्वाईला दिलेले गोंडस नाव म्हणायचे, हे एकदा स्पष्ट बोललेच पाहिजे.

विषय गुडघ्याचा आहे. शहरी वाचकाला गुडघा हा म्हातारपणी जिना चढताना आठवणारा अवयव वाटतो. मुलचेऱ्यासारख्या जंगलतालुक्यात सारे आयुष्यच गुडघ्यावर चालते. चिखलात उभे राहून रोवणी करायची, उन्हाळ्यात पहाटे उकिडवे बसून मोहफुले वेचायची, मग तेंदूपाने तोडायची आणि त्यांचे पुडे बांधायचे, भरलेली गुंडी डोक्यावर घेऊन चढ चढायचा, आणि उरलेला वेळ चुलीपुढे पुन्हा उकिडवेच बसायचे. पन्नाशी उलटते न उलटते तोच सांध्यातली कूर्चा झिजते, हाडावर हाड घासू लागते, पाय धनुकलीसारखे बाहेर वळतात. मग मेडिकलमधून "गुडघ्याची गोळी" येते. ती वर्षानुवर्षे, कुणालाही न विचारता, कधी उपाशीपोटी खाल्ली जाते. ह्या गोळीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा निघणार आहे.

पूर्वी एवढ्यावर प्रकरण संपे. आता संपत नाही. २००० सालच्या ऑक्टोबरात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांचा डावा आणि २००१ च्या जूनमध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला, आणि गुडघा बदलता येतो ही बातमी खेड्यापाड्यांत पोचली. २०१७ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली; ज्या नेहमीच्या धातूच्या सांध्याची छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या वर होती तो सुमारे ५५ हजारांवर आला. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत तर ही शस्त्रक्रिया सरकारी खर्चाच्या यादीत बसली. म्हणजे आमच्या भागातल्या आजीलाही, कार्ड हातात घेऊन नागपूरची वाट धरली, तर नवा गुडघा मिळू शकतो. ही गोष्ट चांगली झाली, आणि ज्यांनी ती केली त्यांना श्रेय दिले पाहिजे. परंतु धातूच्या किमतीचा एवढा बारकाईने हिशेब करणाऱ्या देशाने वेदनेचा हिशेब कुठे मांडला आहे?

ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते थोडे समजून घ्यावे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके करवतीने कापून त्यांवर धातूच्या टोप्या बसवायच्या व मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवायची, असे हे सुतारकाम आहे. पाठीतून दिलेली भूल उतरली की त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस वेदनेचा जो लोंढा येतो, तो शस्त्रक्रियांमधल्या मोठ्या वेदनांत मोजला जातो. आणि नेमक्या ह्याच दिवसांत रोग्याने पलंगावरून उतरायचे असते, गुडघा वाकवायचा असतो, चालायचे असते. जो वाकवत नाही त्याचा सांधा आखडतो. जो पडून राहतो त्याच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय वाढते. तेव्हा येथे सोसणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दात-ओठ खाऊन निपचित पडलेली सोशिक बाई सरकारने लाखभर रुपये खर्चून बसवलेला गुडघा स्वतःच्या सोशिकपणाने वाया घालवते. तिला शाबासकी देणारे तिचे हितचिंतक नव्हेत.

मग वेदनेवर द्यायचे काय? येथे अफूच्या कुळातल्या औषधांचा प्रश्न येतो, आणि त्याबरोबर एक अडाणी प्रश्नही येतो: "ह्यांत सगळ्यांत जोरदार कोणते?" शिकलेली माणसेही हेच विचारतात. जोर हा शब्दच येथे फसवा आहे. मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या सुईने जे काम होते, तेच करायला पेथिडीनचे ७५ ते १०० मिलिग्रॅम, ट्रॅमाडोलचे सुमारे १०० मिलिग्रॅम आणि फेंटॅनिलचा फक्त मिलिग्रॅमचा दहावा भाग लागतो. ह्यावरून फेंटॅनिल अधिक वेदना घालवते असे होत नाही. लवंगी मिरची दोन पुरतात आणि साध्या दहा लागतात, म्हणून लवंगीची भाजी अधिक तिखट ठरत नाही. योग्य मापाने दिली तर ह्यांतली बहुतेक प्रमुख औषधे सारखाच आराम देतात. फरक आहे तो उपद्रवांत, शरीराशरीरांत, आणि औषध मिळण्या-न मिळण्यात.

एकेकाची झडती घेऊ. मॉर्फिन सर्वांत जुने. १८०५ च्या सुमारास सर्ट्युर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधविक्याने ते अफूपासून वेगळे काढले. त्याचे गुणदोष दोनशे वर्षांत पुरते ठाऊक झाले आहेत. मळमळ, खाज, गुंगी, बद्धकोष्ठ, आणि मात्रा चुकली तर श्वास मंदावणे, हे त्याचे दोष. ते गोळीतही मिळते आणि गोळी स्वस्त असते. परंतु त्याचे अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड दुबळे असेल तर ते साचून गुंगी वाढते. आता ती "गुडघ्याची गोळी" आठवावी. तिने वर्षानुवर्षे ज्याची मूत्रपिंडे पोखरली, त्या रोग्याला मॉर्फिन हात राखूनच द्यावे लागते, आणि हे शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत पाहावे लागते.

पेथिडीन एके काळी आपल्याकडे फार चाले. त्याचा आराम दोन-तीन तासांत ओसरतो आणि त्याचा अवशेष साचला तर हातपाय थरथरतात, झटकेही येतात. आज त्याला पहिली पसंती देण्याचे कारण उरलेले नाही. पेंटाझोसीन तर त्याहून विचित्र. एका ठरावीक मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी आराम वाढत नाही, काहींना भलतेसलते भास होतात, आणि आधी मॉर्फिन दिलेले असेल तर त्याचाच परिणाम ते हाणून पाडते. तरीही खेड्यांतल्या दवाखान्यांत ही सुई वर्षानुवर्षे टोचली गेली. का, ते पुढे सांगतो.

फेंटॅनिल झटकन चढते व झटकन उतरते. शस्त्रक्रियागृहात आणि रोग्याने स्वतः बटण दाबून घ्यायच्या पंपात ते उपयोगी. मूत्रपिंड दुबळे असलेल्यालाही ते त्यातल्या त्यात सोयीचे. मात्र त्याची कातडीवर चिकटवायची पट्टी हा वेगळा मामला आहे: ज्याच्या अंगाला ह्या औषधांची सवय नाही अशा रोग्याला ताज्या जखमेच्या वेदनेसाठी ती लावणे म्हणजे त्याच्या श्वासाशी खेळणे होय. ब्युप्रेनॉर्फिनची आठवडाभर चालणारी पट्टी अलीकडे काही सर्जन वापरतात. ती हळूहळू चढते, म्हणून पहिल्या रात्रीचा भार तिच्यावर टाकता येत नाही. आणि दोन्ही पट्ट्यांबद्दल आमच्या भागाला एक गोष्ट ओरडून सांगायला हवी: पट्टीला ऊब लागली की औषध अधिक वेगाने अंगात शिरते. घरी गेल्यावर सून प्रेमाने शेक देणार, म्हातारी शेकोटीला पाठ लावून बसणार. पट्टी देणाऱ्याने हे सांगितले नाही, तर अर्धेच औषध दिले आणि धोका पुरता दिला असे होईल.

उरले ट्रॅमाडोल आणि टॅपेन्टाडोल. आपल्या देशात गुडघा बदललेला रोगी घरी जातो तो बहुधा ह्यांपैकी एकाचा पत्ता घेऊन. ट्रॅमाडोलची गंमत अशी की ते स्वतः अर्धेमुर्धेच काम करते. यकृतात त्याचे रूपांतर झाल्यावर खरा आराम मिळतो. हे रूपांतर करणारी यंत्रणा काहींच्या अंगात जन्मतःच मंद असते, काहींच्या अंगात फार वेगवान. म्हणून एकच गोळी एकीला पाण्यासारखी वाटते आणि दुसरीला भोवळ आणते. जिला लागू पडत नाही ती जेव्हा "दुखतेच आहे" म्हणते, तेव्हा तिला नखरेल ठरवले जाते. दोष तिच्या जन्मजात रसायनाचा असतो. शिवाय दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही, मिरगीच्या रोग्याला ते धोक्याचे, मनाच्या उदासीवरच्या काही गोळ्यांशी त्याचे जुळत नाही, आणि चक्कर येऊन म्हातारी रात्री अंगणात पडली तर नव्या गुडघ्यासकट पडते. टॅपेन्टाडोलला अशा रूपांतराची गरज लागत नाही, आणि ऑक्सिकोडोनशी केलेल्या तुलनांत त्याने मळमळ व बद्धकोष्ठ कमी दाखवले आहे. बद्धकोष्ठाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. ज्या घरी उकिडवे बसायचा संडास आहे आणि ज्या गुडघ्याला उकिडवे बसायची मनाई आहे, तेथे चार दिवस पोट न साफ होणे ही दुसरी शस्त्रक्रियाच असते. ह्या कुळातल्या कोणत्याही औषधाबरोबर पोट साफ ठेवण्याचे औषध लिहिलेच पाहिजे.

एवढी झडती घेतल्यावर जो निष्कर्ष निघतो तो औषध कंपन्यांना आवडणारा नाही. ह्यांतले एकही औषध गुडघ्याच्या वेदनेचा राजा नाही. उत्तम रुग्णालयांत आज राज्य चालते ते पॅरासिटामोल वेळच्या वेळी देण्यावर, मूत्रपिंड व पोट धड असेल तर सूज उतरवणाऱ्या औषधावर, मांडीतल्या मज्जातंतूजवळ आणि सांध्याभोवती दिलेल्या बधिरतेवर, बर्फावर आणि व्यायाम करून घेणाऱ्या माणसावर. अफूवर्गीय औषधाने उरलेली वेदना उचलायची, तीही थोडे दिवस. २०२२ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला: घरी गेलेल्या रोग्यांना ह्या गोळ्या दिल्याने वेदना कमी झाली नाही, मळमळ आणि इतर उपद्रव मात्र वाढले. त्या चाचण्या मुख्यतः लहान व मध्यम शस्त्रक्रियांच्या होत्या, म्हणून गुडघ्याला तो निकाल सरसकट लावता येणार नाही. पण घरी जाताना गोळ्यांचे पत्ते पुडीसारखे बांधून देणाऱ्यांनी तो वाचावा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पेंटाझोसीनची सुई आणि ट्रॅमाडोलचा पत्ता आपल्याकडे इतके का माजले? ती औषधे सरस ठरली म्हणून? मुळीच नाही. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यातल्या किमान दहा वर्षांच्या शिक्षा आणि मॉर्फिनसाठी लागणारे निरनिराळे परवाने पाहून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटला. ट्रॅमाडोल मात्र २०१८ पर्यंत त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. तेव्हा डॉक्टराने औषध निवडले असे आपण समजतो ते खोटे आहे. निवड केली ती कपाटाच्या कुलपाने. जे कुलपाबाहेर होते ते चांगले ठरले! आणि हे त्या देशात, ज्याच्या मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, ज्याचा गाझीपूरचा सरकारी अफू कारखाना १८२० पासूनचा आहे, आणि जो अफू परदेशी पाठवतो. २०१७ च्या लॅन्सेट आयोगाने हिशेब मांडला तेव्हा वेदनाशामक अफूवर्गीय औषधांच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्के भारताच्या रोग्यांपर्यंत पोचत होते. पीक आमच्या शेतात आणि आराम दुसऱ्याच्या खाटेवर!

कायदा सुधारला नाही असे नव्हे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक ठरवली आणि परवान्यांचे जंजाळ काढून राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मिळणारी एकच मान्यता पुरेशी केली. कुलपाची किल्ली हाती आली. परंतु ती फिरवायला हात पुढे येत नाहीत, कारण तीस वर्षांची भीती राजपत्रातल्या एका अधिसूचनेने जात नसते.

येथे विरोधक अमेरिकेचे नाव घेतात. घ्यावेच. तेथे १९९६ साली ऑक्सिकोडोनची एक गोळी "व्यसन लागत नाही" अशा थाटात बाजारात आणली गेली. पुराव्यादाखल १९८० सालचे अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र फिरवले गेले. तीन दिवसांच्या दुखण्यासाठी महिन्याच्या गोळ्या लिहिल्या गेल्या. पुढे त्या लाटेतून हेरॉइन आणि चोरटे फेंटॅनिल आले, आणि २०२२ ह्या एकाच वर्षी ८० हजारांवर माणसे अफूवर्गीय पदार्थांनी मेली. कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. ह्यावरून शिकायचे ते हे की औषधाची शिकवणी विक्रेत्याकडून घेऊ नये आणि मोजल्याशिवाय गोळी देऊ नये. रोग्याला कण्हत ठेवावे, हा धडा त्यातून कसा निघतो? शिवाय आपले हातही स्वच्छ नाहीत. टॅपेन्टाडोल आणि कॅरिसोप्रोडोल ह्यांचे मिश्रण भारतातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात होते. ओरड झाल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने ते बंद केले. म्हणजे कुलपाने नशेबाजाला अडवले नाही. अडली ती खाटेवरची म्हातारी.

उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोझिकोडला वेदनाशमनाचे काम उभे केले. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन रोग्यांना घरी नेऊ दिले. २००१ मध्ये त्यांनी १७२३ रोग्यांचा दोन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. औषध वाममार्गाला लागल्याचे एकही प्रकरण आढळले नाही. ते रोगी मुख्यतः कर्करोगाचे होते हे खरे, आणि गुडघ्याला इतके दिवस मॉर्फिन लागतही नाही. परंतु जे घरात महिनोन्‌महिने सांभाळता आले ते रुग्णालयात तीन दिवस सांभाळता येणार नाही काय?

कुणी म्हणेल, गडचिरोली हा १९९३ पासून दारूबंदीचा जिल्हा. तेथे अफूचे औषध कशाला आणता? नशा आणि औषध ह्यांतला भेद ज्या जिल्ह्याने चळवळ करून समजून घेतला, त्याला हा प्रश्न विचारणे अपमानाचे आहे. दुसरा म्हणेल, जेथे पावसात नाल्याला पूर आला की रस्ता तुटतो, तेथे गुडघ्याच्या वेदनेची चर्चा ही चैन आहे. पण त्याच बंद कपाटापुढे सिकलसेलच्या झटक्याने तळमळणारे पोर उभे आहे, खर्ऱ्याने तोंड सडलेला तरुण उभा आहे, चुलीवर भाजलेली बाई उभी आहे. गुडघ्यासाठी कपाट उघडले तर त्या सर्वांसाठी उघडेल.

मागणे फार नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाला ती एक मान्यता घ्यायला लावावी. तेथे मॉर्फिन असावे, त्याचा उतारा म्हणून नॅलॉक्सोन असावे, आणि श्वास मोजायला शिकवलेली सिस्टर असावी. गुडघा बदलणाऱ्या रुग्णालयाने बधिरतेची सुई आणि व्यायाम ही चैन न मानता शस्त्रक्रियेचाच भाग मानावा. घरी जाताना मोजक्या गोळ्या द्याव्या: किती, कशा कमी करायच्या, कोणत्या दिवशी थांबवायच्या, उरलेल्या कुणाला परत करायच्या, हे लिहून द्यावे. आणि ते इंग्रजीत नको. ह्या एका तालुक्यात माडिया-गोंडी, तेलुगू, मराठी आणि निर्वासित म्हणून येऊन वसलेल्यांची बंगाली, इतक्या बोली नांदतात; कागद इंग्रजीत देणे म्हणजे कागदच न देणे. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आशाताईने घरी जाऊन गुडघा किती वाकतो, पोट साफ होते का, गुंगी किती, एवढे तीनच प्रश्न विचारावे.

आणि वेदना विचारण्याची रीत बदलावी. "शून्य ते दहात किती?" हा प्रश्न शाळेत परीक्षा दिलेल्यांचा आहे. शाळेत न गेलेली बाई गुण देण्याच्या बाबतीत फार उदार असते. ती डॉक्टराची भीड राखते आणि कमी सांगते. तिला चेहऱ्यांची चित्रे दाखवा, "उठून मोरीपर्यंत जाता येते का" असे विचारा. पडून असताना नव्हे, पाऊल टाकताना किती दुखते ते विचारा. "दुखते तं, पण सांगू कोणाले?" हे वाक्य आमच्या झाडीत किती बाया बोलतात! त्या वाक्यात सोशिकपणा नाही. ऐकणारा नाही, एवढीच तक्रार आहे.

डॉक्टर नसलेल्या मास्तराने हे का लिहावे, असे कुणी विचारील. ज्यांना अधिकार आहे त्यांनी लिहावे, मी आनंदाने लेखणी खाली ठेवीन. तोवर "सोशिक" हा शब्द आपण कादंबरीत हवा तर ठेवावा, पण रोग्याच्या केसपेपरवर तो शिरू देऊ नये. तेथे औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहायची असते.